कर्ता

घाटकोपर, दि. ४ ऑगस्ट १९८६

ती. दादास वनमालाचा शि. सा. न. वि. वि.

तुझी छत्री इथेच राहिली. हे विचारतात, एवढ्या विसरभोळ्याला मराठीचा प्राध्यापक कुणी केलं?

काल नंदाच्या रतनचं पुण्यानुमोदन, त्यांच्यातलं दिवसकार्य, झालं. माझ्यासोबत पापड लाटणारी नंदा आता नुसती पोळपाट घेऊन बसते. चौकीवाले म्हणतात, कोठडीत नेताना पोरगा जिन्यावरून पडला. पण शवागारात ओळख पटवायला नंदासोबत तूच गेला होतास. तळपायांवरचे वळ तू पाहिलेस. पडून तळपायांवर वळ उठतात का रे?

अठ्ठावीसला दंडाधिकाऱ्यांपुढे चौकशी आहे. दादांनी पाहिलं तेवढं सांगावं, एवढंच नंदाचं म्हणणं. तुझं नाव पेपरात छापून येतं, तुझं ऐकतील. देवापुढे रोज हेच मागते.

वहिनीला नमस्कार. अंतर्देशीयात जागा संपली, माया संपू देऊ नकोस.

तुझी वने

पुणे, दि. १२ ऑगस्ट

चि. सौ. वनमालास अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. रतनचा चेहरा माझ्याही डोळ्यांपुढून हलत नाही. माझ्या सदरात लिहिले आहे, कात्रण सोबत आहे.

साक्षीचे मात्र अवघड आहे. आपल्या क्षमाचे लग्न जुळत आले आहे आणि होणारे व्याही पोलीस खात्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत. आपण लिहिणारी माणसे, लिहिणे एवढेच आपल्या हाती. तू समजून घेशील. छत्री पुढच्या खेपेस नेईन.

रागावलीस तरी पत्र धाडत जा.

तुझा दादा

घाटकोपर, दि. १९ ऑगस्ट

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

लेख सुरेख आहे. ‘घाटकोपरच्या एका तरुणाचा कोठडीत दुर्दैवी अंत झाला.’ मॅट्रिकच्या वर्षी तू मला व्याकरण शिकवायचास. चुकले की टपली मारून म्हणायचास, “आधी कर्ता शोध, वने.” सगळा लेख शोधला. सापडला नाही.

नंदाला वाचता येत नाही. ती भिंतीला टेकून ऐकत होती. ते वाक्य आलं आणि माझी जीभ अडली. मी वाचलं, ‘रतनला फौजदारानं मारलं. वळ मी पाहिले.’ तिनं पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा तेच वाचलं. तेव्हा कुठे ती रडली, रतन गेल्यापासून पहिल्यांदा. म्हणाली, “दादांनी लिवलं ना, आता कुणाच्या पाया पडायची गरज नाय.” कात्रण तिनं रतनच्या फोटोमागे ठेवलंय. तू अठ्ठावीसला येणार, असं वस्तीभर सांगितलंय.

खोटं वाचलं म्हणून देवापुढे बसले. पण माफी मागायला तोंड उघडेना. खोटं नेमकं कुणाचं, तेच कळेना.

शनिवारी तिची भाची जया कल्याणहून येतेय. ती शिकलेली आहे, कात्रण वाचेल. त्याआधी ये, दादा. माझं वाक्य तुझ्या तोंडून नंदाला ऐकव, आणि मग अठ्ठावीसला तिकडेही.

व्याह्यांना सांग, छत्री आणायला चाललोय.

वाट पाहणारी,
वने