यादीतली आंधळी

बाबा, आज माय एकटी मत टाकून आली. हे तुम्हाला कळावं आणि कळून तुमचा जीव जळावा, एवढ्यासाठी लिहायला बसले. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, तरी माझा राग गेला नाही, अन् तो जावा असं मला वाटतही नाही.

मी दहावीत होते तेव्हाचा मतदानाचा दिवस आठवतो का? मायनं डोक्यावरून आंघोळ केली, पेटीतलं हिरवं लुगडं काढलं, लग्नाला निघाल्यासारखी नटली. मी शाळेच्या खिडकीतून पाहत होते. पहिल्या टेबलावरच्या साहेबानं तिचं नाव मोठ्यानं वाचलं, दुसऱ्यानं बोटाला शाई लावली, अन् तुम्ही पुढं होऊन म्हणालात, "इले दिसत नाई साहेब. मी सोबत जातो." आंधळ्या माणसासोबत घरचं कोणी आत जाऊ शकतं, हा कायदा तुम्हाला बरोबर ठाऊक! कागदावर सही ठोकली, तिचा दंड धरला, पुठ्ठ्याच्या आडोशाला नेलं आणि तुमच्या पार्टीचं बटन तुम्हीच दाबलं. संध्याकाळी तीच माय ओसरीवर तुरीच्या डाळीतले खडे वेचत बसली होती, मातीच्या रंगाचा बारीक खडासुद्धा तिच्या नजरेतून सुटत नव्हता. मी तोंडावर विचारलं, "मायले तं दिसते. काहून खोटं बोलले?" तुम्ही ताट सरकवलं. "बाईमाणसाले त्यातलं काय कयते? जास्त शायनी होऊ नको." माय खडे वेचतच राहिली. ग्रामपंचायत असो की विधानसभा, तुम्ही होता तोवर मतदानाच्या दिवशी ती आंधळीच. पारावर बसलेले लोक तिला म्हणायचे, वहिनी, सांभाळून बरं, दगड आहे. अन् तुम्ही मिशीत हसायचात! त्या हसण्याला तर मी मेले तरी माफ करणार नाही.

तुमच्यामागं तिनं मत टाकणंच सोडलं. मी म्हणायची, चल. ती म्हणायची, "यादीत मले आंधयी लिहून ठेवलं असन. दिसते म्हटलं तं पोलीस धरतीन." इतकी वर्षं ती बाई हे भय पोटात घेऊन जगली. यादीत असं काही नसतं, हे तिला पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले. यावेळी मात्र मी हट्टालाच पेटले. तुमच्या पार्टीला आपल्या घरातून एकही मत पडू द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. आठ दिवस तिला शिकवलं. पुठ्ठ्यावर मशीन काढलं: हे नाव, त्यापुढं चित्र, त्यापुढं निळं बटन. दाबलं की लाल दिवा, मग लांब शिट्टी. बाजूच्या काचेत चिठ्ठी दिसते, तिच्यावर आपलंच चित्र आहे का ते पाहायचं. कोणतं बटन, तेही सांगितलं, दहादा सांगितलं.

आज शिरपूरहून, माझ्या घरून, आम्ही दोघी बसनं गावी गेलो. तीच शाळा, तीच खोली. मायनं आधारकार्ड दाखवलं, शाई लावून घेतली, अन् अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं बोलली, "मले दिसते. मी एकटी जातो." ऐकताय ना? एकटी! बराच वेळ आतच होती. बाहेर आली तेव्हा चेहरा असा, की मला रडूच फुटलं. "चिठ्ठी पाह्यली म्या," ती म्हणाली. "खाली पडेपर्यंत पाह्यली."

बसस्टँडवर मी विचारलं, कोणाला दिलंस? तिनं चष्मा पुसला. "तुले कायले सांगू?" तुमच्या पार्टीला दिलं असेल का, या विचारानं माझा जीव खालीवर होतोय.

हे पत्र मी तिला वाचून दाखवू शकत नाही, कारण वर एक गोष्ट गाळली आहे. ती खोलीत ओरडली, ते उगाच नाही. तिच्या जाड चष्म्याकडं बघून साहेबानं विचारलं होतं, आजीले जमन का? अन् मी तिचा दंड धरून पुढं झाले, म्हणाले, "इले दिसत नाई साहेब. मी सोबत जातो."