मोतीच्या पोटात

दुबलगुंडी, ३ फेब्रुवारी २०२५
चि. रेणूस, आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. मी बोलायले, शेजारचे शिवय्या लिहायलेत. फोनवर तू 'व्हय, व्हय' करून ठेवतीस; कागद निदान शेवटपर्यंत वाचावा लागतो.

मोती एका जागी उभी ऱ्हायना. खुरानं माती उकरायली, घडीघडी मान वळवून पोटाकडं बघायली. लीद पाण्यावानी. गाभण घोडी, अन् कडब्याला तोंड लावायली न्हाई. तिची माय चंद्री मात्र तुझी पावडर खाऊन टुणटुणीत. तुझा बाप रविकुमार दोघींमधी येरझाऱ्या घालायलाय. आधी त्यालाच दाव्याला बांधावं म्हणते. तू घोड्याचं पोट शिकायलीस ना? मग सांग.

लोभ मोतीवर कर, उरला तर मला धाड.
म्हाळसाआजीचा अंगठा

बीदर, ४ फेब्रुवारी
ती. आजीस, रेणूचा शि. सा. नमस्कार वि. वि. बसच्या कंडक्टरमामांनी पत्र हातात दिलं. घोड्याच्या मोठ्या आतड्यातले जंतूच कडबा पचवतात. खनिजाच्या पावडरनं ते कसे बदलतात, ते मी लिदीतून बघते. म्हणून चंद्रीला पावडर, मोतीला तुलनेसाठी मुद्दाम काहीच नाही.

मोतीनं पावडर खाल्लेली नाही, म्हणजे बाहेरचा रोग असणार, असं आमचे कॉलेजातले सर म्हणतात. उद्या संध्याकाळी ते तिकडं येऊन जंतू मारायचं इंजेक्शन देतील. त्यात चांगले जंतूही मरतात. पोट आणखी बिघडलं तर शिंगरू हाती लागायचं नाही. मला चैन नाही. तिनं वेगळं काही खाल्लं असेल तर कळव.

आशीर्वादाची वाट बघणारी,
रेणू

दुबलगुंडी, ५ फेब्रुवारी, सकाळ
चि. रेणूस आशीर्वाद. इंजेक्शन थांबव. तू देऊ नको म्हटलं होतंस, तरी मोतीला पावडर मी घातली. पाकीट चिकटवून रविकुमारच्या हाती देते. त्याला कळलं तर वाटेतूनच भांडायला परत येईल.

माय खायली अन् लेक बघायली. आपल्यात पंगतीत एकीला वाढून दुसरीला तसंच उठवत न्हाईत. त्यात ती दोन जिवांची, म्हणून चंद्रीला चमचा तर हिला मूठ. शिवय्या लिहायचं थांबून म्हणाले, आधी कामून सांगितलं न्हाई. म्हटलं, तुम्ही लिहा. तुझा अभ्यास बुडाला असंल तर मला शिव्या घाल, पण घोडीला सुई नको.

जीव थाऱ्यावर नसलेली,
आजी

बीदर, ५ फेब्रुवारी, दुपार
ती. आजीस सा. न. इंजेक्शन थांबलं. जास्तीचं खनिज मोठ्या आतड्यात उतरून चांगल्या जंतूंनाच मारतं. पावडर बंद. चंद्रीची ताजी लीद कोमट पाण्यात कालवून, गाळून, नळीनं मोतीच्या पोटात सोडायची. मायचे जंतू लेकीच्या पोटात रुजतात. सरांना घेऊन मी येतेच. मोतीला अभ्यासातून काढलं. शिव्या आल्यावर देईन.
रेणू

दुबलगुंडी, ११ फेब्रुवारी
चि. रेणूस, आजीचे आशीर्वाद. तू अन् सर नळी घालून गेल्यापासून मोतीच्या लिदीचे गोळे पडायलेत. या वयात माझं सुख लिदीत निघालं. शिंगरू पोटात हलायलंय, तरी मी घडीघडी उठून हात लावून बघायले.

पुढच्या बारीला नुसतं 'देऊ नको' म्हणून जाऊ नको. कामून द्यायचं न्हाई ते बसून सांगत जा. नुसतं 'नको' म्हटलेलं या घरात आजवर कुणी ऐकलं न्हाई.

शिव्या विसरलीस, त्या घेऊन ये.
आजीचा अंगठा