अस्वल घरी आलं

सोमवार, ५ फेब्रुवारी

गुडघा आज बरा. सकाळी जिना उतरून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले, तशीच परत आले, कुणाचा हात धरला नाही. देवाचे आभार, आणि त्या झणझणीत मलमाचेही.

संध्याकाळी थोरला घरात शिरता शिरता म्हणाला, "आई, तुझं अस्वल येतंय बरं का. पुढच्या शुक्रवारी." हा त्याचा नेहमीचा विनोद — माझं अस्वल! सिनेमातलं ते जाडं अस्वल, त्याची कजाग बायको आणि तीन उपद्व्यापी पिल्लं. आता चौथा भाग. नात टिकली दप्तर आवरत नुसती "हं" म्हणाली. पोरीला आनंद झाला असणार, पण आठवीत गेल्यापासून आनंदसुद्धा जपून जपून दाखवते.

मला मात्र हर्ष झाला. सिनेमाचं मला काय कौतुक! मला दिसली ती ओळ.

दोन्ही भावांची मिळून लिफ्टदुरुस्तीची एजन्सी होती. थोरला ऑफिस बघायचा, धाकटा हत्यारं घेऊन जायचा. दोन वर्षांपूर्वी एका इमारतीत धाकट्याने दुरुस्त केलेली लिफ्ट दुसऱ्याच दिवशी मधेच अडकली. माणसं आत. कुणाला इजा झाली नाही, पण ते मोठं काम हातचं गेलं. त्या संध्याकाळी जेवताना, बायकापोरांच्या देखत, थोरला म्हणाला, "तुझ्या हातावर विश्वास ठेवला हीच माझी चूक." धाकटा भरल्या ताटावरून उठला. परत या घरात पाय ठेवणार नाही म्हणाला — आणि ठेवला नाही. आता तो दुसऱ्यांकडे कामाला जातो.

मी बोलून पाहिलं, रडून पाहिलं, एकदा अन्नपाणी सोडून पाहिलं — दुपारपर्यंत. दोघांचं उत्तर एकच: आई, तू यात पडू नकोस. पडू नकोस काय! मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते मी. बादलीवरून, आरशावरून, पंख्याखालच्या खाटेवरून एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या पोरींना एका ताटात जेवायला बसवलंय. आणि पोटचे दोघे ऐकेनात.

उरलं तेवढं थिएटर. ते काही कुणाच्या बापाचं नाही, म्हणून तिथे दोघंही येतात — पोरींसाठी. लहान मुलांचा कुठलाही नवा सिनेमा आला की आमची एकच ओळ. या टोकाला थोरला, त्या टोकाला धाकटा, मधे सुना, टिकली, धाकट्याची भिंगरी, आणि बरोब्बर मधोमध मी. भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. पण सिनेमात बोलायचं नसतंच! हसतात मात्र एकाच वेळी, आणि हुबेहूब वडिलांसारखे — आधी खांदे हलतात, मग आवाज. मी पडद्याकडे बघतच नाही. अंधारात एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. सिनेमा संपेपर्यंत माझी दोन्ही पोरं एका ओळीत. याहून जास्त मी काही मागत नाही.

बुधवार, ७ फेब्रुवारी

धाकट्या सुनेला फोन केला. येताय ना, विचारलं. म्हणाली, "तुम्ही असल्यावर येणारच की आई." गुणाची आहे. निळी साडी इस्त्रीला टाकली. अंधारात कोण बघणार म्हणा — पण आपल्याला माहीत असतं ना!

शनिवार, १० फेब्रुवारी

घात झाला.

थोरला आज भलताच खुशीत. टीव्हीसमोर मला बसवलं आणि म्हणाला, या वेळी थिएटर नाही, अस्वल घरी येणार. म्हणजे कसं, तर त्या ॲपचे महिन्याचे पैसे भरतोच आपण, पण नवाकोरा सिनेमा हवा तर वर जादा मोजायचे. थिएटरात लागतो त्याच दिवशी घरात! मोठ्या सुनेने लगेच हिशोब मांडला — सगळ्यांची तिकिटं, वर पार्किंग, वर त्या मूठभर लाह्यांना सोन्याचा भाव. त्यापेक्षा हे स्वस्तच. सगळं घर बघेल, पाहिजे तेव्हा थांबवता येईल, पुढे कुणाचं डोकं येणार नाही.

मी म्हटलं, मला थिएटरच बरं वाटतं. तर म्हणाला, "आणि गुडघा? मागच्या वेळी पायऱ्यांवर कठडा धरून उभी होतीस, पाहिलं मी. आणि अंधारात डोळे पुसत होतीस, तेही पाहिलं."

अरे वेड्या, ते गुडघ्यासाठी नव्हतं रे!

पण सांगणार काय? एवढ्या मायेने केलं पोराने, पैसे भरून मोकळाही झाला. मनातून चिडले आणि मनातूनच भरूनही आलं, दोन्ही एकदम. शेवटी विचारलंच — धाकट्याकडचे? तो रिमोटशी चाळा करत राहिला. म्हणाला, बोलाव की, मी कुठे दार लावून घेतलंय.

दार नाही लावलं, खरंय. पण दारात उभं राहून हाक मारायलाही कुणी तयार नाही.

रविवार, ११ फेब्रुवारी

निळी साडी परत कपाटात.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

धाकट्याचा फोन. भिंगरीकडून त्याला सगळं कळलंय. (या दोन बहिणी दिवसभर फोनवर काय बोलत असतात कोण जाणे!) म्हणाला, आई, तू आमच्याबरोबर थिएटरला चल. पायऱ्या आल्या तर उचलून नेईन.

आता घ्या! एकाने माझ्या गुडघ्यासाठी थिएटर घरात आणलं, दुसरा मला उचलून थिएटरात न्यायला निघालाय. रागवायचं तरी कुणावर? अशी पोरं मागून मिळत नाहीत. फक्त एकमेकांची तोंडं बघायला नकोत त्यांना.

म्हटलं, त्यापेक्षा तूच ये इकडे. मग म्हणाला, "ते सोडून काहीही सांग."

इकडे बसले काय, तिकडे गेले काय, ओळ मोडणारच. आणि एकदा मोडली की मोडली. पुढच्या सिनेमाला तोही घरबसल्या जादा पैसे भरेल, आपापल्या सोफ्यावर आपापले बसतील, आणि माझ्या हयातीत ही दोघं परत एका ओळीत येणार नाहीत. हे मला स्वच्छ दिसतंय. घरच्यांना कुणाला दिसत नाही, कारण सगळे माझीच काळजी करण्यात गुंतलेत.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

करायला गेले एक आणि झालं भलतंच.

सिनेमा रविवारी संध्याकाळी बघायचा ठरला होता. तेवढ्यात धाकट्या सुनेला गळ घालायची, निदान तिने भिंगरीला घेऊन यावं, असा माझा बेत. दुपारी घरात कुणी नव्हतं. म्हटलं बघू तरी, हे अस्वल किती दिवस मुक्कामाला आहे — महिनाभर राहणार असेल तर मला तेवढा वेळ मिळेल. टिकलीने शिकवलंय तसं रिमोटवर दाबत गेले. पडद्यावर काहीतरी विचारलं, मी हो म्हटलं. रेक्टर असताना न वाचता कधी सही केली नाही मी! आणि इथे हो म्हणून बसले.

अस्वल नाचायलाच लागलं. आवाज एवढा की शेजारच्या बाईंनी दार ठोठावलं. बंद कुठून करतात ते सापडेना, शेवटी भिंतीतला प्लग उपटला.

टिकलीने आल्यावर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. एकदा सुरू केलं की दोन दिवसांत संपवायचं, नाहीतर जातो म्हणे सिनेमा, परत पैसे. म्हणजे रविवारी दुपारी संपलं. थोरला हसला, म्हणाला, आईला धीर धरवला नाही, उद्याच बघू. आणि धाकट्या सुनेचा निरोप — "यांना विचारून सांगते." त्या विचारण्यातलं उत्तर मला ठाऊक आहे.

माझ्याच हाताने घालवला तो वेळ. स्वतःचाच इतका राग आलाय!

रविवार, १८ फेब्रुवारी

कुठून सुरू करू?

काल संध्याकाळी खोलीतून बाहेर आले, तर सोफा भिंतीला सरकवलेला आणि टीव्हीसमोर जेवणाच्या टेबलाच्या सगळ्या खुर्च्या एका ओळीत. टिकलीने मांडलेल्या. सून म्हणाली, एवढ्या कशाला, आपण चौघं. टिकली म्हणाली, आपली ओळ अशीच असते. तिने मला मधोमध बसवलं. माझ्या डावीकडे टिकली, मग सून, टोकाला थोरला. उजवीकडे तीन खुर्च्या रिकाम्या. थोरल्याने त्या पाहिल्या. दिवे घालवले.

सिनेमा सुरू झाला. मी सवयीने डावीकडे पाहिलं, मग सवयीनेच उजवीकडे. रिकाम्या खुर्च्यांवर पडद्याचा उजेड नाचत होता.

अस्वल चिखलात सपशेल आडवं झालं, तेव्हा थोरल्याचे खांदे हलले. आवाज आला — आणि मधेच थांबला. त्याने मान वळवून त्या रिकाम्या टोकाकडे पाहिलं. दुसरं हसणं आलंच नव्हतं ना! ही दोन वर्षं त्याचंही लक्ष असायचं तर. मला वाटायचं, मी एकटीच.

अर्ध्यावर टिकलीने सिनेमा थांबवला. "मध्यंतर." सगळे उठलो, पाणी प्यायलो, परत बसलो. टिकली सुरूच करेना. तिची आई रागावली, तर ही शांतपणे म्हणाली, "काका अजून आले नाहीत."

पडद्यावर अस्वल एक पाय वर करून तसंच उभं. थिएटरात हे झालं नसतं. तिथे सिनेमा कुणासाठी थांबत नाही. हा थांबला होता.

थोरला उठला. मला वाटलं, आता पोरीवर ओरडतोय. त्याने फोन काढला आणि खिडकीपाशी गेला. मग म्हणाला, "मी बोलतोय. सिनेमा थांबवून ठेवलाय. या सगळे." पलीकडून काय विचारलं असेल ते त्याच्या उत्तरावरून कळलं. म्हणाला, "अर्ध्यावर आलाय. राहू दे, पहिल्यापासून लावू."

आले. धाकटी सून आणि भिंगरी आत शिरल्या, धाकटा उंबऱ्याबाहेरच, चपला न काढता. थोरला दारात गेला. मीही भिंत धरून मागे.

थोरला म्हणाला, "तेव्हाच कळलं होतं मला. नवा पार्टच सदोष होता. तुझ्या हातांचा दोष नव्हता." मग म्हणाला, "सांगायला जीभ रेटली नाही."

धाकट्याची मान खाली. मग चपला काढल्या, अगदी सावकाश, आणि विचारलं, "माझी जागा कुठली?"

टिकली म्हणाली, "नेहमीची."

पहिल्यापासून लावला सिनेमा. चिखलाची ती जागा आली आणि दोन्ही टोकांकडून हसू आलं, वडिलांसारखंच. मी पदर तोंडाला लावून बसले. थोरल्याने तिकडून विचारलं, "आई, गुडघा दुखतोय का?" म्हटलं, हो रे, फार दुखतोय.

जेवायला घरात होतं तेच वाढलं. धाकटा ताट चाटूनपुसून उठला. ते रिकामं ताट थोरल्याने स्वतः उचललं.

त्या जादा पैशांना, माझ्या गुडघ्याला, माझ्या मूर्खपणाला, सगळ्यांना नमस्कार. मी रविवारची वाट बघत बसले असते आणि धाकटी सून न् भिंगरी तेवढ्या आल्या असत्या, तर टिकलीने तरी एवढा धीर केला असता की नाही, कोण जाणे.

सोमवार, १९ फेब्रुवारी

टिकलीची वेणी घालत होते. म्हणाली, "आजी, एक सांगू? रागावू नकोस. मला ते अस्वल तिसरीपासूनच आवडत नाही. भिंगरीलाही नाही." मग कशाला येता गं, विचारलं. तर म्हणाली, "बाबा म्हणतात, आजीला फार आवडतं, तिच्यासाठी चल. काकाही भिंगरीला दर वेळी हेच सांगतात."

मला! चार भाग आले, मी एकही धड पाहिलेला नाही.

वेणी घट्ट बांधली आणि म्हटलं, "हो गं, फार म्हणजे फारच आवडतं. पुढचा कधी येतोय, तेवढं बघून ठेव."