ज्वारी शाबूत, अंबाडी गेली

पुसेगाव

विश्वंभरराव पाहुण्यांना वैजनाथचा रामराम. तुमचा गुडघा आता मांडी घालू देतो का? कुरुंद्याकडं हळद कशी आहे? इकडं सगळं खुशाल आहे (असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं). फोनच करणार होतो, पण आमच्या घरात फोनवरचं बोलणं चुलीपर्यंत ऐकू जातं, आणि चुलीपाशी तुमची बहीण असते.

तर झालं असं. सोजराबाई आमच्या पल्लवीच्या बाळंतपणाला हिंगोलीला गेली आणि मागं ज्वारीत तण माजलं. दरसाल खुरपून खुरपून ती कंबर धरून बसते, म्हणून म्हटलं, ती यायच्या आत रान साफ करून ठेवू, बायको खूश होईल. (एवढ्या वर्षांच्या संसारानंतर असला विचार मनात आला की माणसानं सावध व्हावं.) दुकानदार म्हणाला, हे औषध ज्वारीला धक्का लावत नाही, रुंद पानाचं तेवढं जाळतं. मला ते फार पटलं. पंप पाठीला लावला आणि या बांधापासून त्या बांधापर्यंत पेरणीचं एकही तास सोडलं नाही. थोड्याच दिवसांत तणानं माना टाकल्या आणि ज्वारी मात्र मानपान मिळालेल्या जावयासारखी ताठ उभी. शेजारच्या व्यंकटरावांना मुद्दाम बोलावून दाखवलं. त्यांनी सगळं रान पाहिलं, तारीफ केली आणि विचारलं, वहिनीची अंबाडी कुठं गेली?

पाहुणे, अंबाडीचं पान रुंद असतं.

ज्वारीच्या मधल्या तासांत ती दरसाल अंबाडी पेरते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. लसणाची फोडणी घातलेली ती भाजी सगळ्यात जास्त मीच ओरपतो. पण शेतात मी आपला ज्वारीच बघत आलो. आणि ते बी काही बाजारातलं नव्हे. ती पहिल्यांदा सासरी निघाली तेव्हा तुमच्या आईनं तिच्या पदराला बांधून दिलेलं, लाल देठाचं. जुनं बी उगवत नाही म्हणून ती दाणाही मागं ठेवत नाही, सगळं पेरून टाकते.

सोजराबाई आली आणि पिशवी ओट्यावर ठेवून आधी रानात गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "औषधानं ज्वारी वळखली. तुमाला अंबाडी न्हाई वळखू आली का?" तेव्हापासून स्वयंपाक बराबर होतो, मीठही बेताचं असतं, पण मी दुसऱ्यांदा भाजी मागत नाही. मला फार वाईट वाटतं, पाहुणे.

तुमचा,
वैजनाथ

ता.क. खरं काम हे, की आईंच्या अंबाडीचं बी तुमच्याकडं असणारच. मूठभर पुडीत बांधून कुणाजवळ तरी धाडा. परसात गुपचूप टाकतो आणि उगवली की आपोआप आली म्हणतो.

दुसरा ता.क. सोजराबाईनं पत्र वाचलं. म्हणाली, "दादाला बी मागू नका, त्येला तकलीफ व्हईल." तुम्हीही गेल्या साली मक्यात हेच औषध मारलं नि अंबाडी घालवली म्हणे, आणि यंदाचं बी निघालं की तुम्हाला द्यायचं तिनं कबूल केलं होतं. आता ते बी उरलं नाही, हे तुम्हाला कळवायचं तिच्यानं होईना, म्हणून मीच कळवतो.