एकाहत्तर वर्षांच्या बाळाची मालिश

मोहगाव, गुरुवार

तीर्थस्वरूप रजनीवहिनींना धाकट्या नणंदेचा, केसरचा, बसून वाकून नमस्कार (बसून नंतर उठताही येतं, त्याचंच हे पत्र).

तुमचा गुडघा, दादाचं ब्लडप्रेशर आणि नात भाग्यश्रीचा आठवा महिना, तिन्ही नीट चालू असतील. फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल. पण मनकर्णाबाई दिवसभर माझ्याजवळ असते, सगळं ऐकते आणि तिला वाचता येत नाही.

तिला तुम्ही पांढुर्ण्याहून मालिशसाठी माझ्याकडे धाडलंत, हे उपकार मी विसरणार नाही. तापानंतर माझ्या मांड्या इतक्या वाळल्या होत्या, की खाली बसले की उठवायला दोन माणसं लागत. डॉक्टर म्हणाले, वयानं स्नायू झडतातच, त्यात तुम्ही महिनाभर निजून होतात. डाळ-अंडी खा, उठबस करा, मालिशही करून बघा. आमच्या विनोदनं मालिशचं थरथरणारं यंत्र आणलं. त्यानं पाय होते तसेच राहिले, कवळी मात्र ढिली झाली. मला भीती एकच होती. भाग्यश्रीचं बाळ येईल, सगळ्या बायका पाय लांब करून त्याला पायांवर घेतील आणि मी खुर्चीवरून बघत बसेन. खरं सांगते, या विचारानं मी रडले आहे.

आता मनकर्णाबाईला जन्मभर मालिश येते ती एकच, तान्ह्या बाळाची. तीच तिनं मला जशीच्या तशी केली. कोमट तिळाचं तेल, हातांची घडी, पायांची घडी, मग उजवा हात डाव्या पायाला (तो गेला नाही, ती नेत राहिली). नाकही चिमटून सरळ केलं. मी कुरकुरले, तर म्हणे, "काहून रडून राहिली वं? लेकरावानी पड गपचूप!" शेवटी ओव्याची धुरी देऊन मला चादरीत गच्च गुंडाळलं. विनोद आला तेव्हा त्याची आई गाठोड्यात होती आणि कपाळावर काजळाची तीट होती. तो चपला न काढताच पुन्हा बाहेर गेला.

पण वहिनी, पायांत ऊब आली. मालिश झाली की ती मला पलंगाला धरून दहा वेळा उठबस करायला लावायची, वर वाटीभर डाळ पाजायची. आणि या सोमवारी मी जमिनीवरून एकटी उठले, कशालाही न धरता. तुमचे आणि तिचे आभार कसे मानू, कळत नाही.

तुमची,
केसर

ता. क. ते यंत्र दादासाठी पाठवते आहे. कवळी आधी काढून ठेवायला सांगा.

ता. क. दुसरा. सोमवारचं खरं सांगते. घरात कोणी नव्हतं. मालिश झाली आणि मनकर्णाबाईलाच उठता येईना. तीनदा प्रयत्न केला, मग माझ्याकडे पाठ करून चादरीची घडी घालत बसली. मी स्वतःच्या मांड्या विसरले, उठले आणि तिला दोन्ही हातांनी ओढून उभं केलं. तेव्हापासून रोज मीच उठवते. ती म्हणते, "हा तुहाच व्यायाम हाय."

ता. क. तिसरा. भाग्यश्रीच्या बाळासाठी नवी बाई बघू नका. मनकर्णाबाई बोटांवर महिने मोजते, पण आपल्याला बोलावतील का, हे विचारत नाही. तिला बसवायला-उठवायला मी येते. बाळ आधी तिच्या पायांवर द्या, मग माझ्या. आणि फोनवर विनोदला सांगा, पण मनकर्णाबाईला ऐकू जाईल असं मोठ्यानं, "केसरचे पाय अजून कच्चे आहेत, तिला एकटीला पाठवू नका."