रिकाम्या सीटचा पट्टा

बिश्केक, २० सप्टेंबर २०२४

ती. बुरुल एजे हिस, धाकट्या एलदियारचा सा. न. वि. वि.

अताकेंचा दमा, तुझा गुडघा, मेंढरं, कुत्रा, सगळं ठीक असेल अशी आशा. दरडीत मोबाइलचा मनोरा गेल्यापासून तुम्ही पत्रांसाठी पुन्हा तोकोयच्या व्हॅनच्या भरवशावर आलात, म्हणून मलाही कागद-पेन हातात घ्यावं लागलं. अक्षराला हसू नकोस, मास्तरीणबाई.

गाडी घेऊन येतो म्हणालो आणि आलो नाही, कारण गाडीच आजारी पडली. अजून सीटवरचं प्लास्टिक नीट निघालं नाही, तोच हिची कुरकुर सुरू. मी एकटा असतो, शेजारची सीट रिकामी असते, तरी पडद्यावर लाल माणूस उजळतो आणि टिंग टिंग चालू होतं, शेजारच्या प्रवाशाने पट्टा बांधावा म्हणून. शहरात कितीही फिरवा, चूं करत नाही. आपल्या गावाच्या रस्त्याला लागलो की झालं सुरू. परवा टोकमोकपर्यंत सहन केलं आणि मागे फिरलो. तोंड फिरवताच ती गप्प.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर वेनेरा म्हणून बाई आहे. ती म्हणाली की गाडी वॉरंटीत आहे, एक सोमही लागणार नाही, आठवडाभरात देतो. तेव्हा अताकेंना सांग, खिंडीत बर्फ पडायच्या आत मी दारात उभा राहतो आणि त्यांना इथल्या मोठ्या डॉक्टरांकडे आणतो. गेल्या वर्षी अपा दवाखान्यात न्यायला गाडी येईल म्हणून वाट बघत रस्त्याच्या वळणावर, तोशोकाच्या गादीवर पडल्या पडल्या गेली, आणि मी, तिचा मुलगा, तिकडे मॉस्कोत लोकांच्या मोऱ्यांना फरशा बसवत होतो. अताकेंना, निदान बापाला तरी, आपल्याच गाडीत बसवून नेईन, हे मी तिच्या मातीवर हात ठेवून बोललोय. तोकोयच्या व्हॅनमध्ये बटाट्यांच्या पोत्यांवर त्यांना बसवणार नाही.

लोभ आहेच, तो गाडीसारखा बंद पडू देऊ नकोस.
तुझा एलदियार

*

कारा-कुंगेय, २९ सप्टेंबर

चि. एलदियार यास, बुरुलचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून मी पोट धरून हसले. अरे वेड्या, ती अपाच असणार! तोकोय पट्टा बांध म्हणाला की कशी फणकारायची, मी काय गाय आहे दावणीला बांधायला? बोचकं मांडीवर घेऊन तशीच बसायची, आणि तोकोय दंडाच्या भीतीने चौकीपाशी घामाघूम व्हायचा.

मी हे गमतीत अताकेंना वाचून दाखवलं. ते हसले नाहीत. गाडी छपराखाली आहे की उघड्यावर, एवढंच विचारलं. मग म्हणाले की त्या लोकांना हात लावू देऊ नको म्हणावं. तिला गावाकडे यायचंय, म्हणून ती या रस्त्याला लागली की बोलते. तिचा पट्टा तूच बांध आणि घेऊन ये.

गुरुवारी नेहमीसारखे कणकेचे बोरसोक तळायला बसले, तर त्यांनी कढईच उतरवायला लावली. म्हणाले, गेलेल्यांसाठी तेलाचा वास काढायचा, पण तो घ्यायला घरात आहे कोण? ती तिकडे गाडीत बसलीय. म्हातारपणाचं बोलणं म्हणून मी सोडून दिलं. पण तुला म्हणून सांगते, वास खरंच टिकत नाहीये. पूर्वी तळण झालं की दुसऱ्या दिवशीपर्यंत पडद्यांना यायचा. आता कढईवर झाकण ठेवेपर्यंत घर कोरं होतं. तेल बदलून पाहिलं, तरी तेच.

डोक्यावर टोपी घालत जा. मोठ्या बहिणीचं प्रेम टोपीइतकंच उपयोगी असतं, हे विसरू नये.
बुरुल

*

बिश्केक, १८ ऑक्टोबर

ती. एजे हिस सा. न.

आठवड्याचा महिना झाला. पहिल्यांदा म्हणाले दोष सापडत नाही, घेऊन जा. मी गावाकडे निघालो, ती वाजली, परत आणली. पुन्हा म्हणाले सापडत नाही. अगं, ही माणसं तपासायला कंपाउंडात चार चकरा मारतात! शेवटी मी काउंटरवर आवाज चढवला, तेव्हा वेनेरा स्वतः गाडी घेऊन आपल्या रस्त्याने गेली.

परत आली ती पांढरीफटक. गाडीत कधी बोरसोक नेले होते का, असं तिने विचारलं. काचा बंद केल्या की ताज्या तळणाचा वास येतो म्हणाली. मी कधीच नेले नव्हते. मग ती हळू आवाजात म्हणाली की, भाऊ, माझं ऐका, पट्टा बांधला की गाडी शांत होते, सीट जरा गरमही लागते, तशीच घेऊन घरी जा. मला रागच आला. पुढे जाऊन विकायची झाली तर भुताची गाडी म्हणून विकू का? पूर्ण गाडीचे पैसे मोजलेत, मला पूर्ण गाडी पाहिजे. सीटखालचा सेन्सर नवा मागवलाय. तो सीमेवर अडकलाय, आणि गाडी त्यांच्या कंपाउंडात उभी आहे.

अताकेंना असलं काही वाचून दाखवू नकोस. मी येतोच आहे.

तुझ्या माराला अजूनही भिणारा,
एलदियार

*

कारा-कुंगेय, २७ ऑक्टोबर

चि. एलदियार यास अ. उ. आ.

आज थट्टा सुचत नाही. अताकेंचा श्वास बोलता बोलता तुटतो. तरी दिवस मावळायला आला की अपाचं तोशोक काखेत मारून वळणावर जातात आणि तिथे बसून राहतात. मी ओढून आणते. घरी आले की दोन पियाले मांडतात. कुत्रा पूर्वी त्या वळणावर दगड जरी हलला तरी भुंकायचा, आता तोही त्यांच्या पायाशी बसून रस्त्याकडे बघत असतो.

तुझं पत्र मी वाचून दाखवलं नव्हतं. तरी काल त्यांनी विचारलं की अजून तिला कंपाउंडातच ठेवलंय का? थंडीत? मी अंगणात जाऊन रडून घेतलं.

खिंडीच्या माथ्यावर पांढरं दिसायला लागलंय. तू धाकटा, बापाची चूल तुझी. गाडी राहू दे. तोकोयच्या व्हॅनमधून ये, पोत्यांवर बसून ये, पण ये. त्यांना गाडी नकोय रे, तुम्ही दोघं हवे आहात. मीही आता दोघंच म्हणायला लागले बघ.

वाट बघणारी,
बुरुल

*

बिश्केक, १५ नोव्हेंबर, सकाळ

ती. एजे हिस सा. न.

सुटलो एकदाचा! तुझ्या पत्रानंतर निघणारच होतो, पण वेनेराचा निरोप आला की पार्ट निघालाय, आज येईल, उद्या येईल. म्हटलं एवढं थांबलो, आणखी थोडं. काल संध्याकाळी, दिवस मावळताना, बसवला.

मी शेजारीच उभा होतो. मेकॅनिकने जुना तुकडा उपटला, तशी गाडीने एकदाच टिंग केलं आणि शेजारचं दार आपोआप उघडलं. थोडा वेळ तसंच राहिलं, मग अलगद लागलं. मेकॅनिक म्हणाला कुलूप सैल असेल. मी तेही तपासून घेतलं, वॉरंटीत आहे तर का सोडा! आज पहाटे टोकमोकपर्यंत जाऊन आलो. अवाक्षर नाही. तळणाचा वासही गेला.

अताकेंना दाखवायला म्हणून जुना तुकडा मागितला, तर वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनीला परत जातो म्हणे. खोक्यात घालून पाठवलासुद्धा. जाऊ दे. मी रविवारी निघतो. त्यांचं सामान बांधून ठेव, आणि त्यांना सांग, आता कुणी कंपाउंडात नाही.

लोभ वाढावा, निदान रविवारपर्यंत टिकावा.
एलदियार

*

कारा-कुंगेय, १५ नोव्हेंबर

चि. एलदियार यास आशीर्वाद.

तोकोय दारात खोळंबलाय, म्हणून थोडक्यात लिहिते. अताके काल गेले.

दिवस मावळताना मी चहा घेऊन वळणावर गेले. ते कधी नव्हे ते ताठ उभे राहिले, धाप नाही की काही नाही. कुत्राही उठला आणि शेपटी हलवायला लागला. रस्त्यावर कोणी नव्हतं, एलदियार, मी डोळे फाडून बघत होते. अताके समोर बघून म्हणाले की, सोडलं का शेवटी त्यांनी तुला? एवढ्या लांबून चालत आलीस? मग तोशोक झटकून पसरलं, एका बाजूला सरकून बसले आणि शेजारी हाताने थोपटलं. मी पियाला पुढे केला तेव्हा ते नव्हते.

तुझ्यासाठी परवापर्यंत माती थांबवतोय. ये.
बुरुल

*

बिश्केक, २ डिसेंबर

ती. एजे हिस सा. न. वि. वि.

अंगणात सगळ्यांसमोर बोलता आलं नाही, ते लिहितो.

तुझं पत्र वाचून मी तसाच निघालो. टोकमोकच्या पुढे गाडी थांबवून शेजारचा पट्टा स्वतः बांधला. मग सोडला. वाजेल या आशेने. नवा तुकडा चोख निघाला, एजे. खिंडीत बर्फावरून गाडी घसरत होती आणि मी शेजारच्या सीटला हात लावून लावून बघत होतो. ती गार होती. वळणावरून 'अताकेम', माझ्या बापा, म्हणून रडत मी दाराशी आलो, तेव्हा लोकांना वाटलं की बापासाठी रडतोय. मी तिच्यासाठीही रडत होतो. तिला मी घरी आणायचं होतं, आणि मी तिला गाडीतून उतरवलं. बिचारी चालत आली.

अताकेंना माती दिल्यावरच्या गुरुवारी तू बोरसोक तळलेस. सकाळपर्यंत वास राहिला, पडद्यांना, उशांना, माझ्या टोपीलासुद्धा. तू मला मिठी मारून म्हणालीस की आले रे, दोघंही घरात आहेत. तुझा चेहरा इतका उजळला होता की मी मान हलवली. खरंच आले असतील, म्हणून मलाही बरं वाटलं. मग गाडी पुसायची म्हणून बाहेर गेलो आणि आत बसून दारं, काचा बंद करून घेतल्या. टोपीही बाहेर काढून ठेवली होती. बराच वेळ बसलो.

वेनेराचा काल फोन होता. काम समाधानकारक झालं का विचारत होती. मी हो म्हणालो.

दर गुरुवारी तळत जा. माझ्यासाठी कधी एक खिडकी बिश्केकच्या रस्त्याच्या बाजूची उघडी ठेव. लोभ असू दे, आता मागायला तूच उरलीस.

तुझा एलदियार

ता. क. गाडीत काय वास आला ते लिहायचं राहिलं. फक्त नव्या गाडीचा.