काकांनी रिव्हेट मारले नाहीत

लालबाग,
रविवार, संध्याकाळ

प्रिय श्रेया,

तू जिना उतरलीस आणि मी कागद घेऊन बसले. फोनवर माझं एक वाक्य धड पुरं होत नाही, तुला माहीत आहे. कागदावर निदान डोळे पुसायला सवड मिळते. आधी बातमी सांगते: प्रितेशची गाडी झाली. झाली म्हणजे रस्त्यावर आली. आज तू जेवत होतीस तेव्हा दोनदा माझ्या ओठांवर आलं होतं, पण काका मला डोळ्यांनीच गप्प करत होते.

गाडीवरून बापलेकांत किती वाजायचं ते तू थोडंफार पाहिलंस. पण मूळ भांडण तुला कुणी नीट सांगितलं नसेल. दादरच्या ज्या पारशी शेठकडे काका ड्रायव्हर होते, त्यांनी काम बंद केलं तेव्हा ती जुनी फियाट काकांना देऊन टाकली. आमच्याकडे आली तेव्हाच तिचा तळ गंजलेला. काकांनी स्वतः पत्रे कापले, सडलेल्या जागेवर ठेवले, भोकं पाडली आणि रिव्हेट मारून बसवले. त्याच तळावर पाय ठेवून प्रितेश गणपतीला गावी जायचा. वाटेत उलटी करायचा, झोपायचा, आणि उठला की आंबोळी मागायचा. मोठा झाला, माझगावला जहाजांच्या कामावर वेल्डर म्हणून लागला, आणि मग त्याला बापाचे रिव्हेट खुपायला लागले. म्हणायचा, पत्र्यावर पत्रा ठेवला की मधे पाणी साचतं, गाडी आतल्या आत कुजते. सडकं सगळं कापून काढायचं आणि नवा पत्रा कडेला कड लावून वेल्ड करायचा. काकांचं म्हणणं, इतका पातळ पत्रा आगीखाली धरलास तर लाटा उठतील त्याला. रिव्हेट निदान उद्या काढता येतो. वेल्डिंग चुकलं तर कापण्याशिवाय इलाज नाही.

तुमचा साखरपुडा ठरला तेव्हा तर घरात दुसरा विषयच नव्हता. तुला याच गाडीतून घरी आणायचं होतं ना त्याला. एका सुट्टीत त्याने काकांना न विचारता सगळा तळ कापून काढला. गाडी ठेवली होती त्या गोदामात काका गेले तर त्यांनी बसवलेले पत्रे भंगारात पडलेले. घरी येऊन नुसते भात चिवडत बसले. प्रितेश म्हणाला, "पप्पा, तुमच्या कामाला नावं नाही ठेवली मी. तुम्ही गाडी इथपर्यंत आणलीत. आता पुढं मी नेतो." त्यावर काका एवढंच म्हणाले, "ने."

मग तो ताप आला. ते दिवस मी तुला काय सांगणार, तू माझ्याबरोबर हॉस्पिटलातल्या त्याच बाकावर बसली होतीस. डेंग्यू म्हणजे चार दिवस अंग दुखतं आणि बरं होतं, असं मी सगळ्यांना सांगत होते.

त्याच्यामागे गाडी तशीच राहिली. नवे पत्रे त्याने शिकंज्यांत धरून ठेवले होते, वेल्डिंग तेवढं बाकी. काका त्या रस्त्यालाही जात नव्हते. मालकाने गोदाम रिकामं करायला सांगितलं तेव्हा एक दिवस रिव्हेटची गन पिशवीत टाकून निघाले. म्हणाले, मला जे येतं त्यानेच बसवतो, गाडी तिथून हलवायला तर हवी. दुपारी मी डबा घेऊन गेले, तर ड्रिल हातात धरून गाडीत उकिडवे बसलेले. एक भोक पाडलं नव्हतं. पत्र्यांच्या कडेने प्रितेशने खडूने आकडे घातले होते, वेल्डिंगचा कुठला टाका आधी, कुठला नंतर. एका जागी उष्णता साठू नये म्हणून एक इकडे, दुसरा पार पलीकडे. बाप म्हणाला होता ना लाटा उठतील, त्याचाच तो विचार करत बसला होता. त्याचा तो पाच, डोकं नसलेला, बालवाडीपासून मी सुधारू शकले नाही. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "कांता, मी रिव्हेट मारलंय तर मी जिकलंय असा होतला. माका जिकूचा नाय गो."

प्रितेशबरोबर कामावर असलेल्या मनूला मग बोलावलं. मनू आकड्यांप्रमाणे टाके घालत गेला आणि काका प्रत्येक टाक्यावर ओलं फडकं दाबत गेले. चर्र आवाज यायचा, वाफ यायची. मी बाहेर स्टुलावर. मग त्याने ग्राइंडर काढला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता ते आकडेही जाणार. मी मनूला म्हटलं, एक राहू दे रे कोपऱ्यात. तो थांबला. काका आले, माझ्या शेजारी खाली जमिनीवर बसले. म्हणाले, तेवढीच जागा उघडी राहील आणि तिथूनच गंज धरेल, त्याला ते आवडलं नसतं. मग मीच मनूला मान हलवून सांगितलं.

पत्रा गुळगुळीत झाला. लाट म्हणून कुठे नाही. काका बराच वेळ त्यावरून तळहात फिरवत होते.

गेल्या बुधवारी आम्ही दोघं गाडी घेऊन निघालो ते सरळ माटुंग्याला, तुझ्या घराकडे. तुला खाली बोलवायचं, मागे बसवायचं आणि एक चक्कर मारायची, एवढंच मनात होतं. तू फुलवाल्यांच्या समोर उभी होतीस. शेजारी तो तुझ्या ऑफिसातला दीपक. तो काहीतरी सांगत होता आणि तू हसत होतीस, पोरी, खांदे हलेपर्यंत. आमच्याकडे इतक्या रविवारी आलीस, पण तुझं ते हसणं मी विसरूनच गेले होते. काकांनी हॉर्न वाजवायला उचललेला हात खाली घेतला आणि गाडी वळवली.

तुझी आई मला परवा भेटली. तिच्याकडून कळलं, दीपकने लग्नाचं विचारलं आणि तू नाही म्हणालीस, काकाकाकींना कुठल्या तोंडाने सांगू म्हणालीस. ते तू आम्हाला सांगणारच नाहीस, मीच तुला सांगते. हो म्हण. आणि रविवारी येऊ नकोस. रागाने नाही गं लिहीत. तू दारात उभी राहिलीस की मला दर वेळी वाटतं, तो मागून जिना चढतोय, चपला काढायला खाली वाकलाय. मी तुझ्या खांद्यावरून बघते, तुलाही ते कळतं आणि तू हळूच बाजूला होतेस. हे आपण दोघींनी आता थांबवायला हवं. काका म्हणतात, येऊ दे तिला, जाईल तेव्हा जाईल. पण तू जाणार नाहीस, मी ओळखते तुला. आणि आलीस तर मी दार उघडल्याशिवाय राहणार नाही. म्हणून तूच येऊ नकोस.

तुझीच,
कांताकाकी